यंदाच्या मृगाला झाडाकडे वर पाहा



वैशाख सरत आला. राब भाजून झाले, शेणखत शेतात पडले, कुणाची कौले चाळायची राहिली आहेत तर कुणाचा लाकूडफाटा अजून पडवीत यायचा आहे. घरोघरी आगोटीची गडबड चालू आहे. मिरच्या कुटून झाल्या, सुकी मासळी डब्यात गेली, बियाण्याच्या कणग्या उघडण्याचे दिवस जवळ आले. अशा वेळी कुणी येऊन "चला, फुले शोधायला जाऊ" म्हटले, तर त्याला वेड्यात काढाल. पण मी आज तेच म्हणणार आहे. त्यासाठी वेगळा दिवस मोडायची गरज नाही. शेतावर जाता-येता, गुरे वळताना, शेवळे आणायला रानात शिरताना नजर थोडी वर आणि थोडी खाली ठेवायची, एवढेच काम आहे.

फुले कसली, तर आमरीची. शहरात लग्नाच्या मांडवात लांब देठाची जांभळी फुले लावतात, त्यांना ऑर्किड म्हणतात. ती बहुतेक थायलंडकडून किंवा हरितगृहातून आलेली असतात. पण त्याच कुळातली आपली स्वतःची, कुणी न लावलेली फुले शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या रानात दरवर्षी येतात आणि जातात. भारतात या कुळाच्या साडेबाराशेच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या शंभरावर आपल्या महाराष्ट्रात. आंब्यावर सापडते म्हणून आमरी, असे नाव पडले असावे असे म्हणतात. ती आंब्यावर असते तशीच ऐनावर, जांभळावर, कुंभ्यावर, मोहावरही असते, आणि निम्म्याअधिक जाती तर झाडावर नसून भुईतून उगवतात.

आता पहिली गाठ सोडवू या, कारण तिच्यापायी दरसाल शेकडो आमऱ्या कोयत्याखाली जातात. आंब्याच्या फांदीवर काही हिरवे दिसले की आपण म्हणतो, बांडगूळ आहे, काढून टाका. बांडगूळ काढलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. त्याचे मूळ फांदीच्या आत शिरते आणि झाडाचे पाणी पिते. जिथे ते शिरले तिथे फांदीला गाठ येते, पुढची फांदी हळूहळू वाळते. त्याची फळे फुलटोच्या नावाचा इवलासा पक्षी खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसतो, तिथे दुसरे बांडगूळ. म्हणून गाठीच्या खालून फांदी छाटायची, तीही फळ धरण्याआधी.

आमरीचे तसे नाही. ती फांदीवर नुसती बसलेली असते. तिची मुळे दोरीसारखी, पांढरट, सालीवरून सरपटत गेलेली किंवा हवेत लोंबणारी असतात. फांदीला गाठ नसते. मुळाखाली नख घालून पाहिले तर ते सालीवरून सुटते, आत शिरलेले नसते. या मुळांवर टिपकागदासारखा एक थर असतो. पाऊस पडला, दव पडले की तो ते शोषून घेतो आणि पांढरे मूळ बघता बघता हिरवट दिसू लागते. खाणे काय, तर सालीवर साचलेला पालापाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा, यांतून पावसाबरोबर जे वाहून येईल ते. जाड पानांच्या काही जाती तर दिवसा पानांची तोंडे मिटून बसतात आणि रात्री गारव्याला उघडतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, मातीचा कण नसताना, ही वनस्पती जगते ती अशा काटकसरीवर. आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या एका ठाकर आजींनी हे सगळे एका वाक्यात सांगितले होते: "ते झाडाला खात नाय, झाडावर नुसतं बसतं."

गंमत अशी की ही गल्लत फार जुनी आहे. संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या वनस्पतींना वंदा म्हणत. इंग्रज न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याकडे हाच शब्द उचलला आणि एका आमरीला दिला. आज साऱ्या जगात व्हँडा या नावाने जी किमती फुले विकली जातात, त्यांचे नाव आपल्याकडचे आहे. आणि ज्या आमरीला ते मूळचे मिळाले, ती व्हँडा टेसेलाटा आपल्या बांधावरच्या आंब्यावर असते. पट्ट्यासारखी खोबणीची पाने दोन बाजूंना ओळीने, आणि फुलाच्या पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीच्या लुगड्यासारखी नक्षी, मधली जीभ जांभळी. उन्हाळ्यात ती फुललेली असते. हा अंक हाती पडेल तेव्हाही एखादीवर फुले असतील. काही प्रांतांत तिच्या मुळ्या रास्ना म्हणून औषधाला विकतात. आपल्याकडे वैद्य ज्याला रास्ना म्हणतात ती वेगळी, तेव्हा कुणी मुळ्या मागायला आला तर त्याच्या नादी लागू नका.

आता हंगामाकडे येऊ. आपल्याला नक्षत्रांवरून पेरणी कळते, तशी आमरीही कळते.

रोहिणी निघाल्या, म्हणजे मे महिन्याची २५ तारीख उलटली, की पहिली मानकरीण येते सीतेची वेणी. झाडाच्या बुंध्यावरून किंवा आडव्या फांदीवरून हात-दीड हात लांब गच्च गजरा खाली लोंबतो. पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके, एका गजऱ्यात शंभरावर फुले सहज. हीच आमरी आसामात कपौ फूल म्हणून ओळखली जाते. तिथे ती एप्रिलमधल्या बिहूला नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यात असते, आणि आसामचे ते राज्यफूल आहे. आपल्याकडे तिला वेणी म्हटले ते कुणी बाईनेच म्हटले असेल. किन्हवलीहून ईशान्येला जो आजोबाचा डोंगर दिसतो, त्याच्या पोटात वाल्मीकींचा आश्रम होता, लव-कुश तिथेच वाढले आणि वाल्मीकींना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराचे नाव आजोबा, अशी आपल्या भागातली समजूत आहे. ज्या रानात सीतामाईने बाळंतपण काढले म्हणतात, त्या भागात सीतेची वेणी फुलावी, याहून शोभणारी गोष्ट कोणती? तिच्याच आगेमागे एरिडिस जातीच्या आमऱ्या गुलाबी घोस घेऊन येतात. त्यांचा वास आधी येतो आणि फूल मागाहून सापडते. पाठीला वारा घेऊन चाललात तर चुकामूक होईल.

मृग लागला, ७-८ जूनच्या सुमारास, आणि दोन सरी बऱ्या पडल्या की नजर खाली आणा. आपल्या घरच्या बाया शेवळे आणि काकडे आणायला रानात जातात तो हाच आठवडा. शेवळ्याचा कोंब शोधणाऱ्या डोळ्याला एकपानी चुकणार नाही. तिचे वागणे उलटे असते. भुईतून आधी नुसता फुलांचा दांडा वर येतो, पान कुठेच नसते. फूल सरले, दांडा वाळला, की मग त्याच जागी एकच पान, पंख्यासारखे चुण्यांचे, उमलते. फूल पाहणारा पान ओळखत नाही आणि पान पाहणाऱ्याला फूल ठाऊक नसते. म्हणून जागेला खूण करून ठेवावी, एखादा दगड उभा करावा, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे. अमरकंदाचे दांडेही याच सुमारास वर येतात. आणखी एक आमरी आहे, तिचा दांडा फुलांच्या वेळी मान खाली घालून असतो, आणि फळ धरले की तोच दांडा ताठ उभा राहतो. नव्या सुनेसारखी, असे आमच्या घरी म्हणतात. सून मात्र हे ऐकून घेत नाही.

आर्द्रा-पुनर्वसूत लावणीची घाई, तेव्हा रानात जायला कुणाला फुरसत नाही हे मला कळते. पण माळरानावरून चिखलणीला जाताना वाघचौरा दिसेलच. जमिनीला चिकटून एकच गोल जाडसर पान, मधून वीतभर दांडी आणि तिच्यावर एक-दोन पांढरी, बारीक चिरलेल्या पाकळ्यांची फुले. गुरांच्या खुराखाली येण्याआधी पाहून घ्यावी. नाणेघाटाच्या आणि माळशेजच्या माथ्यावर, गवत उंच व्हायच्या आत, ती माळभर पसरलेली असतात. त्याच दिवसांत पावसाने काळ्या पडलेल्या फांद्यांवर शर्टाच्या गुंडीएवढ्या हिरव्या चकत्या चिकटलेल्या दिसतील, त्यांवर जाळीसारखे आवरण. लोक त्याला शेवाळ समजतात. तीही आमरीच, आणि तिच्यातून लालसर इवले फूल डोकावते. मुलांची नजर याला मोठ्यांपेक्षा बरी.

आश्लेषा, मघा, पूर्वा, म्हणजे श्रावण-भाद्रपद, हा भुईवरच्या आमऱ्यांचा खरा भर. एकीची फुले दांड्याच्या एकाच अंगाला ओळीने बसतात, दात घासायच्या ब्रशासारखी. एकीच्या पांढऱ्या फुलाला मागे लांबच लांब नळी असते, शेपटासारखी. मध त्या नळीच्या टोकाला. ती रात्री वास सोडते, कारण तिचे पाहुणे रात्रीचे पतंग. मादागास्कर बेटावरच्या अशाच एका आमरीची जवळजवळ फूटभर लांब नळी पाहून चार्ल्स डार्विनने १८६२ साली लिहिले की एवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. लोक हसले. तो पतंग १९०३ साली नोंदला गेला, तेव्हा डार्विन जाऊन एकवीस वर्षे झाली होती. उत्तरा-हस्तात, भात पोटरीवर असताना, गवतात पिवळी हॅबेनारिया येते, आणि भुईवरचा हंगाम आटोपतो.

मग थेट पौष-माघ. थंडीत पाने गळून गेलेल्या, सुकलेल्या बोटांसारख्या कांड्यांवर पांढरीशुभ्र फुले उमलतात. ही डेंड्रोबियम, आपल्या ऐनांवर हमखास सापडणारी. आणि इथेच आपल्या संसाराची आणि तिची गाठ पडते.

कवळ कधी तोडतो आपण? पौषापासून फाल्गुनापर्यंत. राबासाठी ऐनाच्या फांद्या उतरतात, भारे बांधतात, शेतात पसरतात आणि भाजतात. नेमक्या त्या दिवसांत ही आमरी फुललेली असते. भाऱ्यातून पांढरी फुले बाहेर डोकावताना मी पुष्कळ वेळा पाहिली आहेत. राब करणाऱ्याला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. बी-भाताचे वाफे भाजल्याने तण मरते, रोप जोमदार होते, हे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. ज्यांनी न भाजता गादीवाफ्यावर रोपे करायला सुरुवात केली, त्यांचे काम कवळावाचून भागते, आणि ज्याला जमेल त्याने ते करावे. पण ज्याला कवळ तोडायचेच आहे त्याच्याकडे माझे मागणे लहान आहे. आमरी बहुतेक जाड, जुन्या, आडव्या फांदीच्या बेचक्यात असते. कवळाला लागतो तो शेंड्याकडचा पाला. तेवढे बेचके सोडून कोयता चालवला तर राबात काही उणे पडत नाही. झाड पुन्हा फुटते, पण आमरी पुन्हा फुटत नाही.

ती का फुटत नाही, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. भाताचा दाणा घ्या. त्यातला जो भाग आपण तांदूळ म्हणून खातो, ती मुळात अंकुरासाठी आईने बांधून दिलेली शिदोरी आहे. आमरीच्या बीला शिदोरीच नसते. तिचे एक फळ उकलले तर त्यातून लाखोंच्या घरात बी उडते, पिठाच्या धुळीसारखे. पण त्यातल्या ज्या कणाला योग्य जागी योग्य जातीची बुरशी भेटेल, तोच रुजतो, कारण सुरुवातीचे सगळे अन्न ती बुरशी पुरवते. हे कोडे १८९९ साली नोएल बर्नार फ्रान्सच्या रानात उलगडू शकला. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन याने बुरशीऐवजी साखर-क्षारांच्या खिरीवर बी रुजवून दाखवले, आणि बाजारातल्या ऑर्किडांचा सगळा व्यापार त्यातून उभा राहिला. रानात मात्र आजही जुनाच नियम चालतो. बी रुजून पहिले फूल येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. म्हणून आज तुमच्या बांधावर फुललेली आमरी पाहिलीत तर एवढे लक्षात घ्या की लाखांतल्या एका बीचे नशीब उघडले होते, तेही पुष्कळ वर्षांपूर्वी.

भुईवरच्यांची गोष्ट निराळी, पण तितकीच नाजूक. त्यांना खाली दोन कंद असतात. एक गेल्या सालचा, जो यंदाच्या फुलाला पोसून सुकत जातो, आणि दुसरा नवा, पुढच्या सालासाठी भरत असलेला. फूल आवडले म्हणून रोप उपटले, तर यंदाचे फूल आणि पुढचे बियाणे दोन्ही हातात येतात, आणि घरच्या कुंडीत ते आठ दिवसांत मरते. च्यवनप्राशाच्या अष्टवर्गात जीवक, ऋषभक, ऋद्धी, वृद्धी अशी जी नावे येतात, त्या चारही वनस्पती याच कुळातल्या, हिमालयातल्या. कंदांच्या उपशाने त्या तिथे दुर्मिळ झाल्या आहेत. आपल्याकडे अमरकंदावर तशीच वेळ यायला नको. पूर्वी ठाकर-कातकरी मंडळी कंद काढत, पण मोठा काढत आणि बाळकंद परत पुरत. गोणीच्या भावाने मागणारा व्यापारी आला की ही रीत टिकत नाही.

झाडे तुटण्याचे दुःख आता फक्त कोयत्याचे राहिलेले नाही. आपल्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा तुकडा जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. रस्ता आला म्हणून मी रडत नाही, मुंबईला भाजीपाला लवकर पोचेल तर पोचो. पण रस्त्यामागून जमिनींचे व्यवहार येतात, फार्महाऊस येतात, आणि नवा मालक पहिले काम करतो ते "साफसफाई". त्या साफसफाईत बांधावरचा शंभर वर्षांचा रायवळ आंबा जातो, आणि त्याच्या अंगावरचे सगळे गोत जाते. आंबा, ऐन, हिरडा, मोह, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे खाजगी जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. ठाऊक असलेले गप्प बसतात, तो भाग वेगळा.

तरी झाड पडलेच, वादळाने म्हणा की रीतसर परवानगीने, तर त्यावरची आमरी वाचवता येते. सरपणवाल्याच्या आधी तिथे पोचा. मुळे सालीसकट, चाकूने, हलक्या हाताने सोडवा. ओढू नका. मग घराजवळचे खरबरीत सालीचे झाड निवडा. आंबा, जांभूळ, ऐन उत्तम. पेरू, निलगिरी नको, त्यांची साल दरवर्षी सुटते आणि आमरी खाली येते. सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारचे टळेल अशा अंगाला, पहिली होती साधारण तितक्याच उंचीवर, मुळे सालीला टेकवून जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने किंवा काथ्याने बांधा. तार नको, प्लॅस्टिकची दोरी नको, आणि कृपा करून माती-शेण थापू नका, मुळे कुजतात. थोडी सोडणाची किशी लावली तर चालेल. हे काम मृगापासून आषाढापर्यंत केले तर पावसाळाभरात नवी मुळे सालीला धरतात, आणि पट्टी आपोआप कुजून पडते. पहिल्या वर्षी फूल आले नाही तर निराश होऊ नका. घर बदलल्यावर माणसालाही रुळायला वेळ लागतो.

हे फक्त पडलेल्या झाडाचे, आणि आपल्या मालकीच्या जागेतले. राखीव जंगलातले, तानसा किंवा भीमाशंकर अभयारण्यातले काही उचलायचे नाही, फांदी खाली पडलेली असली तरी वनरक्षकाला विचारल्याखेरीज नाही. ज्यांना ऑर्किडची शेतीच करायची आहे, त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेली संकरित रोपे घ्यावीत. सिक्कीममध्ये पाक्योंगला १९९६ पासून यासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, कोकणातही शेडनेटमध्ये ती घेणारे आहेत. रानातल्या आमरीला बाजारात नेऊन तिचे कल्याण होत नाही, आणि नेणाऱ्याचेही फारसे होत नाही.

दुसरे असे की पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजला, माहुलीला, नाणेघाटाला माणसांचा पूर येतो. त्यांतले बरेच जण फूल बघून आनंदाने पुढे जातात. काही जण फांदी मोडून गाडीत टाकतात, कल्याणपर्यंत ती कोमेजते. म्हणून माझा एक आग्रह आहे. तुमच्या मुलाने मोबाईलवर फोटो जरूर काढावा, पण कुठल्या वाटेने, कुठल्या झाडावर, हे गावाबाहेर कुणाला कळवू नये. विहिरीचा झरा आणि आमरीचे झाड, दोन्हींची जागा घरातच राहिलेली बरी.

गावात मात्र लिहून ठेवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती वही एकदा भरून कपाटात गेली आहे. ती ग्रामसभेत मागा. त्यात "आमरी" म्हणून पान आहे का पाहा, नसेल तर घालायला लावा. आपल्या आमऱ्यांची पहिली मोठी नोंद डाल्झेल आणि गिब्सन या दोन साहेबांच्या १८६१ च्या ग्रंथात इतर वनस्पतींबरोबर झाली, पुढे कुक साहेबाने १९०१ ते १९०८ मध्ये भर घातली. पण खास आमऱ्यांवरचे पुस्तक आले १९६६ साली, फादर सांतापाव आणि कपाडिया यांचे. सांतापाव जन्माने स्पेनचे, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. सह्याद्रीच्या घाटांत वर्षानुवर्षे हिंडून त्यांनी या नोंदी केल्या. पाचगणीच्या नावाने एक आमरी त्यांनी जगाच्या यादीत घातली. किन्हवलीच्या, डोळखांबच्या, धसईच्या रानांत काय काय आहे याची अशी बारीक नोंद शाळेतल्या पोरांनी केली तर त्याला स्पेनहून कुणी यायला नको.

वही साधी हवी. दोनशे पानी, वर प्लॅस्टिकचे वेष्टन, आणि लिहायला शिसपेन्सिल, कारण शाई पावसात पळते. तारीख आणि नक्षत्र. झाड कुठले, फांदी कुठल्या दिशेची, जमिनीपासून किती हात. फुले किती, कळ्या किती. फळ धरले का. नाव माहीत नसेल तर नाव लिहू नये, फुलाचे चित्र काढावे, वाईट आले तरी. आमच्या घरात अशा वह्या मुलींनी जास्त नेटाने चालवल्या, मुलगे श्रावणात नेमके कबड्डीकडे वळले.

जाताना घ्यायची काळजी तुम्हाला मी काय सांगावी, पण घरातली लहान मुले बरोबर असतील म्हणून सांगतो. गवतात हात घालण्याआधी काठी फिरवा, फुरसे पानांच्या रंगाचे असते. मृगाच्या विजांत एकट्या झाडाखाली उभे राहू नका, मग त्यावर सीतेची वेणी लोंबत असली तरी. काळू आणि शाई नद्या घाटात पाऊस झाला की आपल्याकडे ऊन असतानाही चढतात, पलीकडच्या काठावरची आमरी पाणी उतरल्यावर पाहिली तरी तिथेच असेल.

रोहिणी लागायला आता फार दिवस नाहीत. पुढच्या आठवड्यात आंबे उतरवायला झाडावर चढणारा गडी बोलवाल, तेव्हा त्याला झेला देताना एवढेच सांगून ठेवा, बेचक्यात पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळे दिसली तर पाय जपून ठेव, आणि कुठल्या फांदीवर आहेत ते खाली उतरल्यावर सांग. वहीतली पहिली ओळ तीच होऊ द्या.